बनियनला आतून खिसा

टेस्टरचं खरं नाव त्यालासुद्धा सही करतानाच आठवायचं. शर्टाच्या खिशाला लोकांचं पेन असतं तिथं याचा विजेचा टेस्टर, पिवळ्या दांडीचा. लग्नाच्या फोटोतही तो कोटाच्या खिशातून डोकं वर काढून बसलाय. बायको म्हणायची, फोटोत आम्ही तिघं आहोत.

वायरमनचं काम आणि जोडीला मोटरी भरायचं दुकान. मोटर भरायची म्हणजे जळालेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी वेटोळी घालायची. दुकानामागं दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत बायकोचं पायाचं शिलाई मशीन. मधे दार नव्हतं, नुसता पडदा. दिवसभर इकडं तार गुंडाळली जायची आणि तिकडं दोरा.

तीस वर्षं विजेत काढून गड्यानं एकदाही झटका खाल्ला नव्हता. हुशारी म्हणाल तर ती बेताचीच होती. तो भित्रा होता, एवढंच. धाडसी वायरमनांची यादी तो नावानिशी सांगायचा आणि त्या यादीतलं कुणीही हयात नसायचं. कुठंही काम असो, आधी मेन बंद, मग फ्यूज काढून स्वतःच्या खिशात, मग टेस्टर लावून बघायचा, मग शिडी. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात बायकोला त्यानं काय शिकवलं असेल, तर करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन. मी असलो तरी हात लावायचा नाही. तिनं ते मनात असं टाचून ठेवलं की पुढं उसवता उसवेना.

आणि एक गोष्ट त्याला सहन व्हायची नाही. फ्यूज सारखा जळतो म्हणून लोक त्यात जाड तार घालतात. असा फ्यूज हाती लागला की टेस्टर गिऱ्हाइकाची अर्धा तास हजेरी घ्यायचा. "तो जळतो ते तुमचं घर जळू नये म्हणून. त्याचं तोंड बंद केलंत. आता पुढचा नंबर तुमचा." शेजारचा नळवाला, म्हणजे टेस्टरचा लहानपणापासूनचा दोस्त, मुद्दाम घरच्या फ्यूजमध्ये जाड तार घालून आणायचा आणि समोर बसून शिव्या ऐकायचा. सिनेमापेक्षा बरं, म्हणायचा.

पन्नाशी उलटली त्या वर्षी टेस्टर एका छापखान्यात पंखा उतरवायला शिडीवर चढला. मेन बंद केला होता, फ्यूज खिशात होता. तिसऱ्या पायरीवरून तो पोत्यासारखा खाली आला.

वायरमन पडला म्हणजे करंट लागला, यात कुणालाच शंका नाही. सगळे चार हात लांब उभे. एकजण पळत मेनकडं गेला. तो आधीच बंद. पण घाबरलेल्या माणसाला बटण दिसलं की ते उलटं करावंसं वाटतं, त्यानं खटका वर केला. दुसऱ्यानं झाडूच्या दांड्यानं टेस्टरला जरा ढकलून पाहिलं. पुस्तकं बांधणारी एक बाई तेवढी ओरडत पुढं आली, की अरे फ्यूज त्याच्या खिशात दिसतोय, करंट येणार कुठून. तिनं गुडघे टेकले आणि त्याची छाती दाबायला सुरुवात केली. कुठल्या तरी कारखान्यात तिला ते शिकवलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत ती थांबली नाही. अँब्युलन्सवाल्यांनी छातीला चिकटपट्ट्या लावून झटका दिला, तेव्हा हृदय पुन्हा चालायला लागलं. तीस वर्षं चुकवलेला झटका शेवटी असा, औषध म्हणून बसला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं की हृदय थांबलं नव्हतं, थरथरत होतं. खालचे कप्पे नुसते थरथरायला लागले की रक्त पुढं ढकललं जात नाही, आणि काही मिनिटांत माणूस संपतो. टेस्टरला हे चटकन कळलं. म्हणाला, म्हणजे मोटरचा एक फेज गेला. गुणगुणते, पण फिरत नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच, आणि हे पुन्हा होऊ शकतं.

म्हणून त्याच्या गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला, कातडीच्या आत काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र बसवलं. त्यातून एक तार थेट हृदयात. ठोके बिघडले की ते आपणहून ओळखणार आणि आतूनच झटका देणार. नळवाल्याला फार आनंद झाला. आता लाइट गेली की टेस्टरवर दोन बल्ब लावू, असं त्यानं गल्लीभर सांगितलं.

बायकोला नर्सनं रबरी बाहुल्यावर दाबायला शिकवलं. छातीच्या मधोमध, कोपर ताठ, मिनिटाला शंभराच्या वर. हा पडला आणि यंत्राच्या झटक्यानं उठला नाही, तर दाबायचं. तिनं दाबलं ते मशीनच्या पायट्याच्या चालीवर. नर्स म्हणाली, छान जमतंय. यंत्र झटका देताना हात लागला तरी तुम्हाला फार तर मुंग्या येतील, हेही सांगितलं. बायकोनं मान हलवली. पण तीस वर्षं मनात टाचलेलं नर्सच्या एका वाक्यानं निघतंय होय? घरी आल्यावर तिनं आपली गादी भिंतीकडं सरकवली. चहाचा कप त्याच्या हातात देणं बंद केलं, समोर ठेवायला लागली. त्यालाही ते दिसलं. शिकवलं त्यानंच होतं.

चार महिन्यांनी सकाळी दात घासताना यंत्रानं पहिला झटका दिला. डोळ्यापुढं अंधारी आली आणि आतून गाढवानं लाथ घालावी तसा दणका. ब्रश एकीकडं, टेस्टर एकीकडं. तपासणीत कळलं की यंत्रानं योग्य तेच केलं, तो वाचला.

पुढं दोन महिन्यांनी तो दाढी करायला न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. गळ्यावर वस्तरा. काही होत नव्हतं, जरा छातीत धडधडत होतं इतकंच. आणि एक लाथ बसली. सावरतोय तोवर दुसरी. मग तिसरी. पूर्ण शुद्धीत. न्हावी वस्तरा टाकून रस्त्यावर पळाला. नशीब, तो गळ्यावरून नुकताच उचलला होता. टेस्टर खुर्चीचे हात धरून चौथ्याची वाट बघत राहिला. चौथा आला नाही. पण वाट बघणं काही संपलं नाही.

हे तीन चुकून बसले, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या रेघा दाखवून सांगितलं. या वेळी गोंधळ वरच्या कप्प्यांनी घातला होता, तो एवढा जिवावरचा नव्हता. ठोके वेडेवाकडे आणि भराभर पडले, यंत्राला वाटलं खालचेच कप्पे बिघडले. त्यांनी यंत्राचं गणित बदललं, गोळ्या वाढवल्या, आता सहसा असं होणार नाही म्हणाल्या.

टेस्टरनं त्यातलं 'सहसा' तेवढं घरी नेलं.

त्यानं बाईंना एक विचारलं होतं. समजा तुमच्यासमोरच ते असं चुकून सुटत राहिलं, तर तुम्ही बंद कसं करता? बाईंनी खणातून एक गोल चुंबक काढून दाखवलं. हे यंत्रावर ठेवलं की ते आंधळं होतं, ठोके बघत नाही, झटका देत नाही. उचललं की परत जागं. म्हणूनच चुंबक, स्पीकर असलं काही छातीपासून हातभर लांब ठेवा, असं त्यांनी बजावलं. बायको शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं 'लांब ठेवा'. यानं ऐकलं 'झटका देत नाही'.

त्यानंतर टेस्टर माणसातून उठला. न्हाव्याची गल्ली सोडली, दाढी वाट्टेल तशी वाढली. जिना चढला की ठोके वाढतात म्हणून वरच्या मजल्याची कामं बंद. बसल्या जागी दोन बोटं मनगटावर, ओठ पुटपुटतायत, ठोके मोजतोय. बायको पडद्याआडून बघायची, मोजताना तो मधेच थांबला की तिचं मशीनही थांबायचं. कुकरची शिट्टी झाली तरी दोघं दचकायची, एकमेकांकडं बघायची आणि आपण बघितलंच नाही असं करायची.

एक दिवस तो चार बनियन घेऊन तिच्याकडं आला. सगळ्यांना आतून, डाव्या अंगाला, अगदी वर खिसा लावून दे म्हणाला. कशाला? तर इस्पितळानं दिलेलं यंत्राचं कार्ड ठेवायला. कुठं पडलो तर अंगावरच सापडावं. तिला ते पटलं, उलट बरंच वाटलं, की माणूस सावधपणानं वागतोय. तिनं खिसे शिवले. फाटू नयेत म्हणून दुहेरी टीप मारली.

कार्ड पाकिटातच राहिलं. खिशात गेलं जुन्या स्पीकरचं चुंबक, तिच्याच कापडाच्या चिंध्यांत गुंडाळून. तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यानं गल्लीची हजेरी घेतली, तीच त्यानं स्वतःच्या छातीवर केली. आणि त्याला झोप यायला लागली. तो जेवायला लागला. नळवाल्याशी थट्टा करायला लागला.

बायकोच्या कानावर मात्र एक नवा आवाज यायला लागला. सकाळी त्यानं बनियन घातलं की कुठून तरी बारीक 'पीऽऽ' असा सूर निघायचा, थोडा वेळ वाजून थांबायचा. तिनं विचारलं तर म्हणाला, फोन आहे. फोन खिडकीत होता. पण माणूस नुकता हसायला लागलाय, त्याला कशाला खोदून विचारा, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

असा दीड महिना गेला. त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. नळवाला पाण्याच्या पंपाची मोटर घेऊन आला होता आणि बाकावर बसून चहा पीत होता. शर्ट खिळ्याला अडकवून टेस्टर नुसत्या बनियनवर पंख्याची वेटोळी बसवत होता. नळवाला कसलंसं विचारत होता, त्याला उत्तर आलं नाही. त्यानं मान वळवली तोवर टेस्टर बाकड्यावरून घसरून फरशीवर आला होता. डोळे उघडे, घशातून घोरल्यासारखा आवाज, मग तोही नाही.

कप फुटल्याच्या आवाजानं बायको पडदा सारून बाहेर आली. नळवाला हात पसरून तिच्या आडवा आला. "वहिनी, हात लावू नका. करंट असंल." आणि तो मेनकडं धावला.

ती उभी राहिली. एका मनात, आधी मेन. दुसऱ्या मनात, आता यंत्र लाथ घालील आणि हा ओरडत उठून बसेल. ती लाथेची वाट बघत राहिली. इतके महिने जिच्या नावानं ती भिंतीकडं झोपली, ती लाथ यावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला. मनात तिनं दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत मोजलं. काही नाही. ओठांच्या कडा काळ्यानिळ्या व्हायला लागल्या.

तिची नजर बाकड्यावर गेली. पंख्याची वायर तिथंच पडली होती, मोकळी, कशालाच न जोडलेली. छापखान्याची गोष्ट तिनं शंभर वेळा ऐकली होती. झाडूच्या दांड्यासकट.

ती गुडघ्यावर बसली. त्याच्या अंगाला तिनं सात-आठ महिन्यांत हात लावला नव्हता. छातीवर तळहात ठेवला तर अंग ओलं, गार. आता सुटलं तर आपण दोघंही इथंच, हे तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिनं दाबायला सुरुवात केली. नळवाल्याला ओरडून सांगितलं, मेन राहू दे, अँब्युलन्सला फोन लाव. फोनवर त्याला स्वतःच्या गल्लीचं नाव आठवेना, ते तिनं दाबता दाबता दोनदा सांगितलं.

पायट्याच्या चालीवर ती दाबत राहिली. खालून बरगडी करकरली. नर्सनं सांगितलं होतं, करकरली तरी थांबायचं नाही. डाव्या मनगटाला तिची टाचण्यांची गादी बांधलेली तशीच होती, शिवता शिवता उठली होती ना. हिसक्यांनी त्यातल्या तीन-चार टाचण्या सुटल्या.

त्या फरशीवर पडायला हव्या होत्या. त्या पडल्या बनियनवर, यंत्राच्या जागी, आणि डोक्यावर उभ्या राहिल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या.

पहिल्यांदा तिला वाटलं यंत्रातच करंट उतरलाय. हात आपोआप मागं आले. मग सगळं एकदम जुळलं. सकाळचा 'पीऽऽ', आतला खिसा, डॉक्टरीणबाईंच्या खणातलं ते गोल चुंबक. उचललं की परत जागं.

तिनं खिसा ओढला. निघेना. स्वतःच्याच हातची दुहेरी टीप. "कात्री," ती म्हणाली. नळवाल्याला कात्री दिसेना, समोर मशीनवर असून दिसेना. शेवटी तिनं बनियनचा गळा दोन्ही हातांनी धरून बेंबीपर्यंत फाडला, उताण्या झालेल्या खिशातून चिंधीसकट चुंबक उपसलं आणि दुकानाबाहेर भिरकावलं. मग पुन्हा तळहात छातीवर.

दाबायला लागली तेव्हा तिला माहीत होतं की आता ते येणार. हात उचलले तर त्याचं रक्त थांबतं, ठेवले तर लाथ. तिनं डोळे मिटले आणि दाबत राहिली. पाच. दहा. पंधरा. आणि तळहाताखाली तो आख्खा उसळला. तिच्या कोपरापर्यंत झणका आला, झिणझिण्या, रिकाम्या हातात गार पाणी ओतल्यासारखं. बस्स, एवढंच. तिनं डोळे उघडून आपल्या हातांकडं पाहिलं. हात होते.

त्यानं मोठा श्वास ओढला, खोकला, आणि तिचं मनगट टाचण्यांसकट घट्ट धरलं.

अँब्युलन्सवाल्यानं आत येऊन आधी नाडी बघितली, मग फाटका बनियन, मग तिला. किती वेळ दाबलंत ते विचारलं. तिला सांगता येईना. नळवाला म्हणाला, एक चहा गार व्हायला लागतो तेवढा. पण चहा फरशीवर होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यंत्राची नोंद काढली. चुंबक टेकलं की यंत्र सूर काढून तसं कळवतं, सकाळचा 'पीऽऽ' तोच. चुंबक होतं तोवर काहीच नोंद नाही, कोरं. ते निघालं तसं यंत्र जागं झालं, थरथर ओळखली, झटका भरला, दिला. खालच्याच कप्प्यांत बिघाड होता, या वेळी खरा. एवढं सांगून बाईंनी कागदाची घडी घातली. रागवल्या असत्या तर टेस्टरला बरं वाटलं असतं.

बाई गेल्यावर बायको खाटेच्या कडेला बसली. मॉनिटरवर हिरवी रेघ चालली होती. मग ती म्हणाली, "जाड तार घातलीत तुम्ही."

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. भिंतीलाच म्हणाला, "मरायची भीती नव्हती गं. त्या खुर्चीतल्या चौथ्या लाथेची होती."

"आणि मला खिसा शिवायला लावलात," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं उरलेल्या तीन बनियनचे खिसे उसवले. दुहेरी टीप, वेळ लागला. कापडावर भोकांच्या रांगा तशाच राहिल्या. आता सकाळी तो बनियन घालतो तेव्हा दोघंही नकळत थांबतात. सूर येत नाही. यंत्र जागं आहे, म्हणजे ते कधीही सुटेल. बायको मग पायटा मारायला लागते. नळवाल्यानं रस्त्यावरून चुंबक शोधून आणलं होतं, त्या चुंबकानं ती फरशीवरच्या टाचण्या वेचते. टेस्टरपासून हातभर लांबूनच.

परवा तिनं त्याला दुकानाच्या दारात स्टुलावर बसवलं. त्या दाढीला आता गिऱ्हाइकं भ्यायला लागलीत म्हणाली. न्हाव्याकडं तो जाणार नव्हता, म्हणून तिनं आपली कापड कापायची कात्री घेतली. डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि वर केली. तो लाकडासारखा ताठ झाला. दोन बोटं गेली मनगटावर.

"कात्री गळ्याशी आहे," तो म्हणाला. "सुटलं तर?"

"सुटलं तर कात्री बाजूला ठेवीन. दुसरं काय करू?"

तो ठोके मोजत राहिला. अडुसष्ट, एकोणसत्तर. ती म्हणाली, मोजणारा हात जरा खाली घ्या, केस त्यावर पडतायत. आणि हनुवटीवरची पकड न सोडता तिनं कात्री चालवली.